500 कुनाचं सोन्याचं नाणं: वजन आधी, गोष्ट नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्युनिकला राहणाऱ्या भाच्याला एका विक्रेत्याकडे 1941 सालचं क्रोएशियाचं 500 कुनाचं सोन्याचं नाणं दिसलं. विक्रेता म्हणतो, "अतिशय दुर्मिळ, आजोबांच्या संग्रहातलं." फोटोत एका बाजूला गुडघ्यावर बसलेली, गव्हाची पेंढी घेतलेली मुलगी आहे. वजन दिलेलं नाही. घ्यावं का, आणि खरं असेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

फोटोवरून खरं-खोटं मी सांगणार नाही. तीस वर्षं नाणी हाताळल्यावरही सोन्याच्या नाण्याबाबत फोटोवर भरवसा ठेवायचं धाडस मला होत नाही. पण या नाण्याचं वजन किती असायला हवं, हे कॅटलॉग न उघडता कागद-पेन्सिलीनं काढता येतं. त्या आकडेमोडीत या नाण्याचा अर्धा इतिहासही आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

10 एप्रिल 1941 ला झाग्रेबमध्ये "स्वतंत्र क्रोएशिया राज्य" जाहीर झालं. जर्मन फौजा शहरात शिरत होत्या आणि रेडिओवर घोषणा केली स्लाव्को क्वातेर्निक यांनी. आंते पावेलिच हे त्या राज्याचे "पोग्लावनिक", म्हणजे सर्वेसर्वा. नावात स्वतंत्र असलं तरी राज्य होतं जर्मनी आणि इटलीच्या आधारावर. सव्वा महिन्यातच, 18 मे 1941 ला, रोममध्ये करार झाला आणि दाल्मेशियाच्या किनाऱ्याचा मोठा भाग इटलीला देऊन टाकला गेला. नवं राज्य म्हणजे नवं चलन हवंच. युगोस्लाव दिनार गेला, कुना आला. एका कुनाचे शंभर बानित्सा. आणि दर बांधला जर्मन चलनाशी: 20 कुना म्हणजे 1 राइशमार्क.

आता आकडे बघा. जर्मनीच्या 1924 च्या नाणे कायद्यानुसार एक किलो शुद्ध सोनं म्हणजे 2790 राइशमार्क. म्हणजे एका मार्कामागे 0.3584 ग्रॅम सोनं. त्याला 20 नं भागलं की एका कुनाला येतं 0.01792 ग्रॅम, साधारण 18 मिलिग्रॅम. त्याला 500 नं गुणा: 8.96 ग्रॅम शुद्ध सोनं. युरोपातली बरीचशी सोन्याची नाणी 900 कसाची, म्हणजे हजारात नऊशे भाग सोनं आणि बाकी तांबं. 8.96 ला 0.9 नं भागलं की 9.95 ग्रॅमच्या किंचित वर येतं. कॅटलॉगमध्येही या नाण्याचं वजन 9.95 ग्रॅम आणि कस 900 असंच दिलेलं असतं. 500 कुना म्हणजे 25 मार्क, आणि नाण्यात सोनंही बरोबर 25 मार्कांचं. हे वजन कुणाच्या मनाला आलं म्हणून ठरलेलं नाही.

मला हे नाणं महत्त्वाचं वाटतं ते यासाठी. आमचं चलन सोन्यावर उभं आहे, असं त्या राज्याला म्हणायचं होतं, आणि हे नाणं म्हणजे ते म्हणणं धातूत पाडून दाखवणं. प्रत्यक्षात 1941 मध्ये मार्कच्या बदल्यात कुणाला सोनं मिळत नव्हतं, तर कुनाच्या बदल्यात कुठून मिळणार? लोकांच्या हातात आलं ते 2 कुनाचं जस्ताचं नाणं. तांबं आणि निकेल युद्धसाहित्यात जात होतं, म्हणून त्या काळात युरोपभर जस्ताची नाणी पडली. ही जस्ताची नाणी आज हातात घेतली तर करडी, मळकट दिसतात, कित्येकांवर पांढरी भुकटी धरलेली असते. आणि कागद होताच. 26 मे 1941 ही तारीख असलेली 500 कुनाची नोट निघाली होती. तेच मूल्य, तेच वर्ष. ती नोट आजही नोटांच्या व्यापाऱ्यांकडे किरकोळ किमतीत मिळते. 1943 पर्यंत 5000 कुनाच्या नोटा छापायची वेळ आली आणि 1945 मध्ये नव्या युगोस्लाव सरकारनं 40 कुनाला 1 दिनार या दरानं त्या परत घेतल्या. म्हणजे 500 कुनाच्या नोटेचे साडेबारा दिनार. सोन्याचं 500 कुना मात्र चलनात आलंच नाही. ते नमुना नाणंच राहिलं.

"नमुना" या शब्दाबद्दल थोडं सांगतो, कारण विक्रेते तो सैल वापरतात. टांकसाळ एखादं नाणं चलनात आणायच्या आधी त्याचे मोजके नग पाडते. आराखडा कसा दिसतो, साचा नीट उठतो का, वरिष्ठांना पसंत पडतो का, हे बघण्यासाठी. पुढं तो आराखडा मंजूर झाला नाही, किंवा परिस्थितीच बदलली, तर ते नग नमुना नाणी म्हणून मागं राहतात. खऱ्या धातूऐवजी दुसऱ्याच धातूत पाडलेली चाचणी नाणी वेगळी. आणि कुणीतरी नंतर संग्राहकांना विकायला म्हणून पाडलेली तर पूर्णच वेगळी. तिसऱ्या प्रकाराला कुणी "नमुना" म्हटलं म्हणून त्याचा नमुना होत नाही. या 500 कुनाचे दोन आराखडे माहीत आहेत: एक पेंढीवाल्या मुलीचा, दुसरा पावेलिच यांच्या चेहऱ्याचा. तुमच्या भाच्याला दिसलं ते पहिलं. त्याच्याशी नाव जोडलं जातं इवो केर्दिच यांचं (1881–1953). ते झाग्रेबचे मोठे पदककार, पॅरिस आणि व्हिएन्नाला काम शिकलेले. पदकाच्या कामाची सवय असलेला हात नाण्यातही ओळखू येतो: उठाव कमी असला तरी अंगाला घडण असते, वस्त्राची चुणी नुसती रेघ राहत नाही. नकलेत पहिला बळी जातो तो या घडणीचाच.

आता तपासणी. भाच्याला सांगा की विक्रेत्याकडून आधी वजन घे, दोन दशांशांपर्यंत. 9.95 च्या आसपास हवं. झिजेचा प्रश्न फारसा नाही, कारण हे नाणं बाजारात फिरलेलंच नाही. आपल्याकडच्या गिन्नीशी तुलना करायची तर ती 7.98 ग्रॅमची, म्हणजे हे तिच्यापेक्षा जवळजवळ दोन ग्रॅम जड. वजन 5 ग्रॅमच्या आसपास निघालं तर आत पितळ आणि वर मुलामा. 6 च्या आसपास निघालं तर आत चांदी. कारण सरळ आहे. 9.95 ग्रॅमच्या 900 कसाच्या नाण्याचं आकारमान 0.58 घन सेंटिमीटर होतं. तेवढ्याच आकाराचं पितळ किंवा चांदी तोलली की हेच आकडे येतात.

पण नुसत्या वजनावर थांबू नका. इथं माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी ठाण्यात माझ्याकडे एका ओळखीच्या गृहस्थांनी हेच नाणं आणलं, परदेशातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेलं. पैसे देऊन झाले होते. काट्यावर ठेवलं, 9.93 ग्रॅम. त्यांचा चेहरा खुलला. मलाही क्षणभर बरं वाटलं. पण बोटांच्या चिमटीत धरल्यावर ते जाड लागलं. एक कप पाणी घेतलं, कप काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, शिवणाच्या दोऱ्यात नाणं अडकवून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं सोडलं. काट्यावर आकडा आला 0.95, म्हणजे नाण्याचं आकारमान तेवढे घन सेंटिमीटर. मी पुन्हा केलं. पुन्हा 0.95. 9.93 भागिले 0.95 म्हणजे 10.45. ही चांदीची घनता. बनवणाऱ्याला खरं वजन माहीत होतं, म्हणून त्यानं चांदीची चकती दीडपटीहून जाड घेतली आणि वर सोन्याचा चांगला मुलामा दिला. ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर." त्यांचं ते वाक्य अजून डोक्यात आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

ही पाण्याची चाचणी घरी होते. काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं बोटानं हलकेच हलवा. दोरा बारीक घ्या. आधी घरातल्या गिन्नीवर सराव करा: 0.45 ते 0.46 आकडा यायला हवा. गिन्नीवर जमलं की मग पाहुण्या नाण्यावर हात टाका. 500 कुनाला 0.58 अपेक्षित आहे, म्हणजे घनता 17.2 च्या आसपास. काट्यावर 0.01 च्या फरकानं घनता 0.3 नं वरखाली होते, तेवढं सोडून द्या. टंगस्टन भरल्याच्या गोष्टी लोक फार सांगतात. टंगस्टनची घनता 19.25, ती शुद्ध सोन्याशी जुळते, 900 कसाशी नाही. आत सरळ टंगस्टन असेल तर उलट घनता जास्त येऊन ते पकडलं जाईल.

सराफाकडचं कॅरेटमीटर चांगलं, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवा. त्यातले क्ष-किरण सोन्यात काही मायक्रॉनच खोल जाऊन परत येतात. मुलामा जाड असला तर यंत्र बेधडक सोनं म्हणून सांगतं. पाणी मात्र संपूर्ण नाण्याला विचारतं, नुसत्या कातडीला नाही. दोन्ही करा. आणि सराफानं कसोटीच्या दगडावर घासायला मागितलं तर देऊ नका. एक ओरखडाही संग्राहकाच्या नजरेत किंमत खाली आणतो. त्याच कारणानं नाणं चकाकावं म्हणून पुसू नका, घासू तर अजिबात नका.

एवढं सगळं पार पडलं तरी एक शंका उरते, आणि तीच सगळ्यात अवघड. कुणी खरं 900 कसाचं सोनं घेऊन नव्या साच्यानं नाणं पाडलं, तर वजन, पाणी, कॅरेटमीटर सगळं बरोबर येईल. सोन्याची किंमत आणि या नाण्याची किंमत यात इतकं अंतर आहे की हे करणाऱ्याला परवडतं. अशा वेळी दहापट भिंग आणि धीर लागतो. अक्षरांच्या कडा बघा. साच्यातून दाबानं उठलेल्या अक्षराची कड धारदार असते आणि भोवतालचा पृष्ठ त्याच्याकडे ओढला गेल्यासारखा दिसतो. ओतीव नकलेत अक्षरं साबणासारखी गोलसर होतात, सपाट जागी बारीक खड्डे असतात. काठाला कुठं शिवण दिसते का, तेही बघा. राज्याच्या नावातल्या "द्रझावा" या शब्दातल्या "झ"वर क्रोएट लिपीत एक छोटी आकडी असते. खराब नकलेत तिचा ठिपका होतो किंवा ती भरून जाते.

अक्षरांवरून आपल्या पुतळ्यांची आठवण होते. पुतळीच्या माळेतली मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं डुकाट. त्यावर संत मार्कपुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, असतो. त्याच आकृत्यांवरून आपण तिला पुतळी म्हटलं. हिंदुस्थानात त्याच्या नकला भरपूर पडल्या आणि त्या ओळखायची खूण एकच: साचा कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती, म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. जी दाल्मेशिया 1941 मध्ये इटलीच्या घशात गेली, तिथली स्प्लिट, शिबेनिक ही शहरं 1797 पर्यंत व्हेनिसच्याच अमलाखाली होती. तिकडच्या किनाऱ्यावर चालणारं सोनं आपल्याकडे गळ्यात आलं. नाण्याची नक्कल अक्षरात फसते, हे मी आजीच्या पुतळ्यांवरच शिकलो.

चिन्हाबद्दलही सांगून ठेवतो, कारण फोटोत ते दिसतं. त्या राज्याच्या चौकटीदार ढालीत वरचा डावा पहिला चौकोन पांढरा, आणि ढालीवर वेलबुट्टीत गुंफलेलं, पावेलिच यांच्या उस्ताशा संघटनेचं "उ" हे अक्षर. आजच्या क्रोएशियाच्या ढालीत पहिला चौकोन लाल. लाल रंग नाण्यात उभ्या रेघांनी दाखवायची युरोपात जुनी पद्धत आहे. बऱ्याच लोकांना हे एकच चिन्ह वाटतं, आणि म्हणूनच कुणी नाणं दाखवताना नुसतं "जुनं क्रोएशिया" म्हणालं की मी त्याला थांबवतो.

कारण ते जुनं क्रोएशिया नव्हतं. नाण्यावर 1941 हे साल आहे. त्याच सालच्या ऑगस्टमध्ये सावा नदीकाठी यासेनोवाट्सची छावणी सुरू झाली. सर्ब, ज्यू, रोमा आणि राजवटीला विरोध करणारे क्रोएट तिथं मारले गेले. तिथल्या स्मारकानं आजवर 83,145 बळींची नावं गोळा केली आहेत, एकेक करून. गव्हाची पेंढी घेतलेली मुलगी बघताना मला हे विसरता येत नाही आणि विसरू नये असं वाटतं. मी स्वतः असं नाणं संग्रहात ठेवायच्या विरोधात नाही. पुरावा म्हणून ते ठेवलंच पाहिजे. पण त्याच्या पाकिटावर राज्याचं पूर्ण नाव, राजवट आणि साल लिहून ठेवावं. पावेलिच यांचा चेहरा असलेलं नाणं काही लोक गौरव म्हणून विकत घेतात. अशा गिऱ्हाइकासाठी मी कधी मध्यस्थी केलेली नाही.

"कुना" नावाचं काय, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. कुना म्हणजे मार्टन, मुंगसासारखा लांबोळा, केसाळ प्राणी. मध्ययुगात तिकडे त्याची कातडी कर म्हणून दिली जायची, आणि तेराव्या-चौदाव्या शतकातल्या स्लावोनियाच्या चांदीच्या नाण्यांवर धावणारा मार्टन आहे. म्हणजे नाव पावेलिच यांच्या राज्यानं शोधलेलं नाही. पण 1994 मध्ये नव्या क्रोएशियानं तेच नाव पुन्हा घेतलं तेव्हा 1941 च्या आठवणीनं बरेच लोक दुखावले आणि मोठा वाद झाला. तो कुना 1 जानेवारी 2023 ला गेला, 7.5345 कुनाला एक युरो या दरानं. क्रोएशियाच्या एक युरोच्या नाण्यावर मात्र मार्टन अजून आहे. भाचा म्युनिकलाच आहे, सुट्या पैशांत त्याला केव्हाही सापडेल.

किमतीबद्दल. खरं, ओळखीच्या लिलावातून आलेलं नाणं त्यातल्या सोन्याच्या कित्येक पटीनं जातं. म्हणून विक्रेता सोन्याच्या भावाच्या जरा वर देतो म्हणाला तर आनंदू नका, सावध व्हा. "आजोबांच्या संग्रहातलं" हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो. आजोबांच्या वाक्यापेक्षा जुन्या लिलावाचं पान बरं. त्या पानावरच्या फोटोतला एखादा ओरखडा, कडेचा टोचा किंवा साच्याची बारीक चीर तुमच्या नाण्यावर त्याच जागी दिसली, तर तो खरा वंशवृक्ष. नाण्यांची श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेकडून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत आलेलं असेल तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवा. डब्याही नकली निघतात.

आणायचं झालं तर विमानतळावर सरळ लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करा. परदेशातून येणाऱ्याला सवलत असते ती दागिन्यांना. नाणं दागिना नाही. पुरातन वस्तूंचा 1972 चा कायदा इथं आड येत नाही, कारण त्यात नाण्याला शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात.

तर भाच्याला इतकंच कळवा: दोन दशांशांपर्यंत वजन, पाण्यातला आकडा, आणि काठाचा फोटो. विक्रेता दुकानात पाण्याची चाचणी करू द्यायला तयार नसेल, तर तिथून निघून यायचं. पैसे तोवर खिशात. फोटो खिडकीच्या उजेडात, नाणं तिरकं धरून काढायचा, फ्लॅश नको. फ्लॅशमध्ये अक्षरांच्या कडा उजळून जातात आणि मला नेमक्या त्याच बघायच्या आहेत.